होडीच्या रंगाखालचा ट्रॅक्टर

विलास गेला तो सोमवार होता. सकाळी त्याने चहा घेतला, अंगणात गेला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी बसला. शालनने नाश्त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. मी बाहेर गेलो. पाना त्याच्या हातात होता. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरले आणि मान हलवली. संध्याकाळी आम्ही स्मशानातून परत आलो. ट्रॅक्टरचे इंजिन अंगणात लाकडी ठोकळ्यांवर होते.

विलास माझा धाकटा भाऊ. शालन त्याची बायको. मी लग्न केले नाही, त्यामुळे या दोघांचे घर तेच माझे घर. शिवडीला गोदामांच्या मागे एक बैठी चाळ आहे, तिच्या टोकाच्या दोन खोल्या आमच्या. टोकाच्या असल्यामुळे बाजूची मोकळी जागा आम्हाला मिळाली. तिच्यावर पत्रे टाकले आणि त्या पत्र्यांखाली आम्ही दोघा भावांनी जुने ट्रॅक्टर नव्याने उभे केले. त्याआधी आम्ही एकाच वाहतूक कंपनीत होतो. तो डिझेल मेकॅनिक, मी सुट्या भागांच्या भांडारात. कंपनी बंद झाली तेव्हा त्याच्याकडे हत्यारे होती आणि माझ्याकडे जुन्या ट्रॅक्टरांची माहितीपुस्तके होती. ती पुस्तके कंपनी रद्दीत काढत होती, मी मागून घेतली. माझ्या वाचण्यावरून मला सगळे मास्तर म्हणत. मी कधी कुणाला शिकवलेले नाही.

मुंबईत शेत नाही, मग ट्रॅक्टर कुठून येतात, असे लोक विचारतात. बंदरात ट्रेलर ओढायला ट्रॅक्टर लागतात. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉली ओढायला लागतात. कोळीवाड्यात होड्या वाळूवर चढवायला आणि पाण्यात सोडायला लागतात. आणि अलीकडे ज्यांनी कर्जत-अलिबागला जागा घेतली आहे त्यांना नुसते बघायलाही लागतात.

जुना ट्रॅक्टर उभा करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीत मोडलेले तेवढे बदलतात. आमच्या कामात आधी सगळे सुटे करायचे, प्रत्येक भाग धुवायचा, मोजायचा, आणि मग ठरवायचे की याच्यात अजून किती आयुष्य आहे. मोजणे माझ्याकडे होते. सोडवणे आणि जुळवणे विलासकडे. गंजून बसलेल्या नटाबद्दल तो म्हणायचा, "दादा, नटाशी भांडायचं नाही. त्याला डिझेल पाजायचं आणि आपण जेवायला जायचं." जेवून आल्यावर नट बहुधा सुटे. सुटला नाही तर रात्रभर डिझेल पाजायचे. घाई करणाऱ्याच्या हातात बोल्टचे डोके येते आणि बाकीचा बोल्ट आतच राहतो. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या मागच्या दुकानांत मिळत. तिथे जे मिळत नसे ते डिलाईल रोडचा आमचा लेथवाला करून देई. त्याचे नाव शिरोडकर. बोलायला फटकळ, हात अचूक.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. लालबागच्या बाजूच्या एका मंडळाचा ट्रॅक्टर दर गणपतीत मिरवणुकीच्या मध्येच उकळायचा. तीन मेकॅनिक झाले, पाण्याचा पंप बदलून झाला. विलास विसर्जनाच्या दिवशी नुसता बघायला गेला. ट्रॅक्टरच्या तोंडावर देणगीदाराचा भला मोठा फलक बांधलेला, त्यावर झेंडूचे हार, त्यावर तोरण. इंजिन थंड करणारी जाळी त्या सगळ्याच्या मागे होती. वारा शिरायला बोटभर फट नाही. त्याने अध्यक्षांना सांगितले, "देवाला हार घाला. रेडिएटरला नको."

अध्यक्ष म्हणाले, "अरे, पण फलकाचे पैसे घेतलेत."

"मग देणगीदारालाच ट्रॉली ओढू दे."

फलक बाजूला सरकला. ट्रॅक्टर नंतर उकळला नाही.

माटुंग्याचे एक वास्तुरचनाकार आले. त्यांना बंगल्याच्या हिरवळीवर ठेवायला जुना ट्रॅक्टर हवा होता. ते म्हणाले, "आतलं इंजिन काढलंत तरी चालेल. बाहेरून छान दिसला पाहिजे."

विलासने हातातले फडके खाली ठेवले. "साहेब, मग पेंढा भरलेला घोडा घ्या. हिरवळीवर तोच बरा दिसेल."

मला वाटले गिऱ्हाईक गेले. पण ते हसले आणि इंजिनासकट काम दिले. आता दर सुट्टीला ते त्याच हिरवळीवर तो चालवतात आणि त्यांचा माळी आम्हाला शिव्या देतो, असे त्यांनीच सांगितले.

आता हौसाबाईंच्या ट्रॅक्टरबद्दल. विलास गेला तेव्हा अंगणात होता तो त्यांचाच.

हौसाबाई दादरच्या पलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या. दोन होड्या त्यांच्या मालकीच्या. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी आणलेला, तीन सिलिंडरचा, त्या काळचा दणकट. त्यांच्या वाड्यात होडी पाण्यात सोडायची पद्धत अशी, की होडी चाकांच्या गाड्यावर चढवतात, गाडा ट्रॅक्टरच्या मागे जोडतात आणि ट्रॅक्टर उलटा, मागे मागे, उतारावरून समुद्राकडे नेतात. म्हणजे पाण्याच्या बाजूला होडी आणि तिचे सगळे वजन धरून ठेवणारा ट्रॅक्टर वर. त्या वेळी इंजिनाच्या ताकदीला फारशी किंमत नाही, सगळे ब्रेकवर असते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, उजव्या चाकाचे वेगळे आणि डाव्याचे वेगळे. शेतात वळायला ते वेगळे लागतात. उतारावर दोन्ही एकत्र जोडायचे. दोन्ही सारखे धरले तर ट्रॅक्टर सरळ थांबतो. एकच धरला तर तो स्वतःभोवती फिरतो आणि होडी आडवी करतो.

आदल्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांचा उजवा ब्रेक धरला नव्हता. ट्रॅक्टर फिरला, घसरला आणि मागच्या चाकांपर्यंत खाऱ्या पाण्यात गेला. बाजूला उभा असलेला त्यांचा पुतण्या उडी मारून वाचला. होडीची एक फळी फुटली. हौसाबाई होळी झाल्यावर टेम्पोत घालून ट्रॅक्टर आमच्याकडे घेऊन आल्या.

"पावसाआधी होड्या वर घ्यायला शेजारच्या वाड्याचा ट्रॅक्टर आणीन," त्या म्हणाल्या. "पण नारळी पुनवेला मना माझाच पायजे. बाबाच्या ट्रॅक्टरनंच होडी पाण्यात जानार. आणि एक सांगते, रंग काढायचा नाय."

रंगाचे असे होते. त्यांच्या घरात दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला रंग लावत आणि त्याच डब्यातला रंग ट्रॅक्टरलाही लावत. वडील होते तोवर वडील, त्यांच्यामागे हौसाबाई. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा चढवायचा, कारण वरचा रंग खरवडला तर नशीब खरवडले जाते, असे त्यांच्या वडिलांचे म्हणणे. ट्रॅक्टरची कडा न कडा रंगाने गोल झाली होती. ग्रीस भरायची टोके बोंडांसारखी दिसत होती. विलासने हात फिरवला आणि हसला. "मावशी, हा ट्रॅक्टर आहे की नवरदेव? एवढी हळद लावलीय." मग म्हणाला, "नाही काढणार. जिथे पाना लावावाच लागेल तिथलाच निघेल. शब्द."

हा शब्द देऊन तो महिन्या-दोन महिन्यांत गेला.

तेराव्यानंतर भंगारवाला आला. बसला, हळहळला, विलासच्या चांगुलपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. निघताना दारात थांबून म्हणाला, "मास्तर, इंजिन वेगळं देणार, का सगळं एकत्र?"

मी काही बोलायच्या आत शालन आतून म्हणाली, "तो गिऱ्हाइकाचा आहे. आमचा माणूस गेलाय, काम नाही गेलेलं. चहा घ्या आणि या."

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आल्या. शालनच्या गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसून अंगणात आल्या आणि सुट्या पडलेल्या ट्रॅक्टरकडे बघत राहिल्या.

"मास्तर, दुसरीकडं नेऊ काय ह्याला?"

"नको. मी करतो."

"तू? तू तर पुस्तकवाला."

"पुस्तकात ट्रॅक्टरच आहे, हौसाबाई."

"पुस्तकातला ट्रॅक्टर पान्यात जात नाय," त्या म्हणाल्या. "माझा पुतन्या त्याच्याजवळ उभा असतो. विचार करून सांग."

मी विचार केला होता. इतकी वर्षे मी विलासच्या शेजारी उभा होतो, बघ्या म्हणून नव्हे. पिस्टनची कडी किती झिजली, सिलिंडर झिजून किती लंबगोल झाला, हे मी सांगायचो आणि तो त्यावर भरवसा ठेवायचा. मला नट घट्ट करता येत होते. येत नव्हते ते इंजिन ऐकणे. विलास चालू इंजिनाशेजारी डोळे मिटून उभा राही आणि कुठल्या सिलिंडरमध्ये काय दुखते ते सांगे. मला सगळ्या इंजिनांचा आवाज सारखाच येतो. म्हणून मी ठरवले, की ऐकायचे नाही, मोजायचे. जे मोजता येत नाही ते उघडून बघायचे.

इंजिन जुळले. ते चालू करण्याआधी डिझेलच्या नळ्यांमधली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसे लागतात. एकाने पंपाजवळचा स्क्रू सैल धरायचा, दुसऱ्याने सीटवर बसून स्टार्टर मारायचा. मी अंगणात एकटा उभा होतो. शालन कणीक मळत होती. तिने खिडकीतून बघितले, हात धुतले आणि बाहेर आली.

"कुठे बसू?"

"वर. ते बटण. मी सांगेन तेव्हा दाब, सोड म्हटलं की सोड."

ती पदर खोचून चढली. या घरात एवढे ट्रॅक्टर येऊन गेले, ती त्यांतल्या एकाही सीटवर बसली नव्हती.

"दाब."

स्क्रूमधून फेस आला.

"सोड. पुन्हा."

"दादा, हा फसफसतोय कशाने?"

"हवा आहे. ती संपली की निव्वळ डिझेल येईल. दाब."

डिझेलची धार लागली. मी स्क्रू आवळला. पुढच्या खेपेला इंजिनाने एक आचका दिला, काळा धूर सोडला आणि ते सुरू झाले. पत्रे थरथरले. चाळीतले लोक दारात आले. शालन खाली उतरली, घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी इंजिन बंद केले नाही. त्या आवाजात तिला हवे तेवढे रडता आले असेल.

इथपर्यंत सगळे ठीक झाले. अडचण आली ती ब्रेकमध्ये.

या जातीच्या ट्रॅक्टरमध्ये मागच्या धुरीच्या, म्हणजे अॅक्सलच्या, पेटीत तेल असते आणि चाकाजवळच्या डब्यात ब्रेकचे पट्टे असतात. डबा कोरडा राहायला हवा. मध्ये रबराची एक कडी असते, तिला सील म्हणतात. ती तेल अडवते. उजव्या बाजूची सील फाटली होती, तेल ब्रेकवर येत होते, म्हणून आदल्या वर्षी तो धरला नाही. मी दोन्ही सील नव्या घातल्या, पट्टे नवे घातले आणि रविवारी गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालवून बघितला. गार असताना दोन्ही ब्रेक सुरेख धरत होते. तासाभराने उजवा सुटला. डबा उघडला तर आत तेल.

पुन्हा सील. पुन्हा तेल. सील जिच्यावर बसते ती धुरी झिजली असेल म्हणून शिरोडकरांकडून तिच्यावर पातळ पोलादी बाही चढवून आणली. ते म्हणाले, "मास्तर, ह्यातून आता तेल काय, पापसुद्धा बाहेर येणार नाही." पुन्हा चालवले. तासाभराने तेल आले. शिरोडकर तेव्हापासून माझा फोन उचलेनात.

श्रावण लागला. हौसाबाईंचा फोन येई. "झाला काय?" मी म्हणे, "ब्रेक राहिलाय." त्या म्हणत, "मंजे सगलंच राहिलं." शेजारी म्हणाले, विलास असता तर एका दिवसात झाले असते. ते खरे असेल. मी त्यावर वाद घातला नाही. मात्र पौर्णिमा जवळ येत होती आणि खात्री नसताना तो ट्रॅक्टर मी देणार नव्हतो, हेही नक्की होते. तिथे उतारावर एक तरुण मुलगा उभा राहणार होता.

मग मी ट्रॅक्टरकडे पाठ करून पुस्तक घेऊन बसलो. मला एकच गोष्ट खुपत होती. गार असताना तेल येत नाही, तापल्यावर येते. तापल्यावर तेल पातळ होते, हे खरे, पण नवी सील पातळ तेलही अडवते. तापल्यावर आणखी काय होते? आतली हवा फुगते. मग ती हवा जाते कुठून? कुकरची शिट्टी बुजली तर वाफ झाकणाच्या रबरातून वाट काढते. धुरीच्या पेटीलाही शिट्टीसारखे काही असलेच पाहिजे. चित्रात ते होते. पेटीच्या माथ्यावर, सीटखाली, करंगळीच्या टोकाएवढे एक टोपण, त्याला बारीक छिद्र. मी टॉर्च घेऊन सीटखाली वाकलो. त्या जागी टोपण नव्हते. रंगाचा एक गुळगुळीत उंचवटा होता. हौसाबाईंच्या घरातल्या किती तरी पौर्णिमा त्या छिद्रावर चढल्या होत्या. आत हवा कोंडून ती सीलमधून तेल ढकलत होती. मी घातलेली एकही सील खराब नव्हती.

खरवडायला काही क्षण पुरले असते. पण शब्द विलासचा होता आणि तिथे पाना लागत नव्हता. मी हौसाबाईंना फोन केला. त्या तासाभरात आल्या, मासळीच्या बाजारातून तशाच. मी सीटखाली दाखवले आणि कुकरचा दाखला दिला.

"मंजे आम्हीच रंगवून रंगवून ह्याचं नाक बुजवलं?"

"हो."

"आणि तो गेल्या सालाला घसरला, तो ह्याच्यापायी?"

"बहुधा त्याच्यामुळेच."

त्यांनी त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आणि तू ह्याच्यासाठी मना बाजारातून उठवलंस? खरवडायचं ना!"

"विलासने तुम्हाला शब्द दिला होता."

"त्यानं दिला होता मना. मी सोडवते." त्यांनी कमरेची सुरी काढली, मासे कापायची, आणि थेट सीटवरून उलट्या वाकून त्या खरवडायला लागल्या. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली लाल, लालखाली निळा. निळा निघाला तेव्हा त्या थांबल्या. "हा बाबाचा," म्हणाल्या, आणि पुढे खरवडले. शालनने त्यांच्या हातात डोक्याची पिन दिली. त्यांनी छिद्रात ती घातली. ट्रॅक्टर मी सकाळीच चालवला होता, पेटी अजून गरम होती. आतून सूं करून हवा आली. हौसाबाई दचकून मागे झाल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की चाळ गोळा झाली.

त्या दिवशी दोन तास चालवला, दुसऱ्या दिवशी तीन. दोन्ही डबे कोरडे राहिले.

नारळी पौर्णिमेला भरतीच्या वेळी शालन आणि मी कोळीवाड्यात गेलो. ट्रॅक्टरला नवा रंग लावला होता, अर्थात जुन्यावरच. होडी गाड्यावर होती. पुतण्या सीटवर चढायला निघाला तशी हौसाबाईंनी त्याला अडवले.

"थांब रं. ज्यानं केला त्यानं पयला उतरवायचा. मास्तर, बस."

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाकडे चालवून दाखवायचं काम विलास करायचा."

"सीट कुनाची नसते. बस."

मी चढलो. दोन्ही पेडल जोडले, खिट्टी घातली, ती बसल्याचे हाताने दोनदा चाचपले. उतार ओला होता. मागे बघत, गिअर घालून, मी ट्रॅक्टर हळूहळू पाण्याकडे सोडला. होडीचे वजन ट्रॅक्टरला खेचायला लागले ते मला सीटमधून कळले. कडेने माणसे चालत होती, पुतण्या सगळ्यांत जवळ. गाड्याची चाके पाण्यात गेली. "बास!" कुणी तरी ओरडले. मी दोन्ही ब्रेक दाबले.

ट्रॅक्टर थांबला. फिरला नाही, घसरला नाही. लाट आली, होडी उचलली गेली आणि गाड्यावरून सुटून पाण्यात गेली. मी पाय तसाच ठेवला होता. पुतण्या म्हणाला, "मास्तर, झालं, आता सोडा." तरी मी काही वेळ सोडला नाही.

नारळ समुद्राला दिला. हौसाबाईंनी होडीला कुंकू लावले, मग ट्रॅक्टरच्या तोंडाला, आणि शेवटी सीटखाली वाकून त्या टोपणाला. "आता तिथं कोन रंग नाय लावनार," त्या म्हणाल्या. "कुंकवावर आमच्यात ब्रश फिरवत नाय."

त्यांनी शालनच्या ओंजळीत नारळाच्या वड्या ठेवल्या. शिवडीला उतरल्यावर शालन म्हणाली, "विलासला आवडलं असतं का हो, दादा?" मी म्हणालो, "खिट्टी दोनदा चाचपली म्हणून हसला असता." ती म्हणाली, "हसू दे."

यालाही आता वर्ष होऊन गेले. अंगणात सध्या बंदरातून आलेला एक ट्रॅक्टर आहे. इंजिन मी जुळवतो, स्टार्टर शालन मारते, आणि हल्ली गिऱ्हाइकांशी भाव तीच ठरवते. नुसते ऐकून दोष सांगणारा माणूस आमच्याकडे नाही. त्यामुळे आम्ही प्रत्येक गोष्ट मोजतो. वेळ जास्त लागतो. काम होते.